बफर कोणाच्या ताब्यात आहे?

ड्रायव्हर चालूच झाला नाही, तर मला फारशी काळजी वाटत नाही. कर्नल कोसळला, कार्डाने उत्तरच दिलं नाही, अशा वेळी कुठे पाहायचं हे साधारण कळतं आणि आज नाही तर उद्या काहीतरी हाती लागतं. धास्ती वाटते ती वेगळ्या बिघाडाची. ट्रान्स्फर पूर्ण झाल्याचा इंटरप्ट वेळेवर येतो. एरर रजिस्टरमध्ये शून्य असतं. बाइट मोजावेत तर नेमके हवे तेवढे. आणि बफर उघडून पाहावा तर त्यातला एक तुकडा शिळा निघतो, मागच्या फेरीतला. पुन्हा चालवून दाखवायला जावं, तर सगळं सुरळीत.

कारखान्यांतल्या मोठ्या मोटरींच्या बेअरिंगची कंपनं मोजणारं एक यंत्र आम्ही बांधत होतो. बेअरिंग झिजू लागलं की माणसाच्या कानाला कळण्याच्या बऱ्याच आधी कंपनांत फरक पडतो. तो फरक पकडून देखभाल करणाऱ्यांना सावध करायचं, हे त्या यंत्राचं काम. सेन्सरकडून नमुने घेणारं कार्ड आणि त्याचा ड्रायव्हर एका पुरवठादाराकडून आले होते. पुरवठादाराच्या डेस्कटॉप संगणकावर ते बिनतक्रार चालत होते. आमच्या बोर्डावर एआरएम प्रोसेसर होता आणि तिथे मात्र अधूनमधून आलेखात मध्येच एक टोकदार दात उगवे. धडधाकट बेअरिंग त्यामुळे खराब ठरे. याच्या उलटही घडू शकत होतं, आणि मला भीती त्याचीच होती. खरा धक्का नेमका त्या शिळ्या तुकड्याखाली झाकला गेला असता आणि यंत्राने 'सर्व ठीक' म्हटलं असतं. त्या 'सर्व ठीक'वर विसंबून कोणीतरी मोटरीजवळ काम करत राहिलं असतं.

असं का होतं हे समजण्यासाठी डीएमए, म्हणजे डायरेक्ट मेमरी अ‍ॅक्सेस, काय आहे ते थोडं सांगायला हवं. उपकरणाकडून येणारा प्रत्येक बाइट प्रोसेसरने स्वतः उचलून मेमरीत ठेवायचा म्हटलं, तर त्याला दुसरं काही सुचणारच नाही. म्हणून उपकरणाला मेमरीतली एक जागा दाखवून द्यायची आणि 'तू परस्पर इथे लिही, झालं की सांग' म्हणायचं. कल्पना जुनी आहे. १९८१ च्या आयबीएम पीसीतही या कामासाठी इंटेलची ८२३७ ही वेगळी चिप होती. पुढे बहुतेक उपकरणं हे काम स्वतःच करू लागली. प्रोसेसर मोकळा झाला, वेग वाढला, आणि त्याबरोबर एकाच मेमरीवर दोन लिहिणारे आले.

अडचण इथे सुरू होते, कारण प्रोसेसर मेमरीकडे थेट पाहतच नाही. मधे कॅश असते. जुन्या पेढीवर कच्ची वही आणि पक्की वही असायची, तसंच हे. प्रोसेसर आपल्या कच्च्या वहीत लिहितो आणि सवडीने पक्क्या वहीत उतरवतो. उपकरण थेट पक्क्या वहीत लिहितं. कच्ची वही त्याला दिसत नाही. शिवाय प्रोसेसर एकेक ओळ उतरवत नाही, अख्खं पान उतरवतो. आजच्या बहुतेक प्रोसेसरांत हे पान, म्हणजे कॅश लाइन, ६४ बाइटांचं असतं. पानावरची एकच नोंद प्रोसेसरने बदलली असली तरी त्याच्याकडची बाकीची जुनी नोंद त्या बदलाबरोबर पक्क्या वहीत जाऊ शकते, आणि तेवढ्यात उपकरणाने तिथे काही नवीन लिहिलं असेल तर ते पुसलं जातं. चूक कोणीच केलेली नसते. दोघांनीही आपापलं काम प्रामाणिकपणे केलेलं असतं.

डेस्कटॉपवर हे का दिसलं नाही, याचं उत्तरही यातच आहे. एक्स८६ संगणकांत उपकरणाने मेमरीत लिहिलं की हार्डवेअरच कॅशला त्याची दखल घ्यायला लावतं. एआरएमच्या अनेक बोर्डांवर ती सोय नसते. तिथे हा हिशेब ड्रायव्हरने ठेवायचा असतो. लिनक्स कर्नलने त्यासाठी रीतसर नियम घालून दिले आहेत. बफर 'मॅप' केला की तो उपकरणाच्या ताब्यात जातो. 'अनमॅप' केला की प्रोसेसरकडे परत येतो. मधेच डोकावायचं असेल तर 'सिंक' करून परवानगी घ्यायची. डेटा कोणत्या दिशेने जाणार हेही आधीच सांगायचं. मला हे नियम फार आवडतात. मेमरीच्या एखाद्या तुकड्याचा या क्षणी मालक कोण, या प्रश्नाला कधीही एकच उत्तर असलं पाहिजे, एवढंच ते मागतात.

आमच्या हातातला ड्रायव्हर हे नियम वरकरणी पाळत होता. मॅप होतं, अनमॅप होतं, दिशाही बरोबर होती. कोड वाचून दोष सापडेना, म्हणून आम्ही बिघडलेले बाइटच वाचायला घेतले. बिघाड शोधताना लोक कोडकडे फार वेळ पाहतात आणि चुकीच्या डेटाकडे फार कमी, असं माझं ठाम मत आहे. चुकीचा डेटा कुठे सुरू होतो, कुठे संपतो, किती लांब असतो आणि त्यात नेमकं काय असतं, यावरून दोषी कोण हे पुष्कळदा आधीच कळतं.

प्रत्येक ट्रान्स्फरच्या आधी आम्ही संपूर्ण बफर एका ओळखू येणाऱ्या आकड्याने भरू लागलो. सेन्सरकडून तसा आकडा सलग येणं शक्यच नव्हतं. दात उगवला की तिथे हाच आकडा सापडू लागला. म्हणजे तो तुकडा मागच्या फेरीतला नव्हताच. तो प्रोसेसरने स्वतः लिहिलेला होता. मग त्याचे पत्ते छापले. आलेखात दात कुठेही उगवल्यासारखा वाटे, कारण आलेख अनेक बफर एकापुढे एक जोडून बनत असे. पत्त्यांत मात्र कसलाही गोंधळ नव्हता. तुकडा नेहमी बफरच्या शेपटीशी असे, त्याची सुरुवात ६४ ने भाग जाणाऱ्या पत्त्यावर होई, आणि तो बफर संपेल तिथेच संपे. जे मनमानी वाटत होतं ते काटेकोर निघालं.

याच सुमारास आमच्या गटातल्या एका तरुण सहकारिणीने विचारलं, "सर, मधे एक प्रिंट टाकली की प्रॉब्लेम येतच नाही. डिले टाकून रिलीज करू या का?" प्रश्न तिने भाबडेपणाने विचारला नव्हता, तारीख जवळ आली होती आणि वरून विचारणा रोज होत होती. पाहिलं की नाहीसे होणारे बग या व्यवसायाला जुने आहेत. जिम ग्रे यांनी १९८५ मध्ये संगणक का थांबतात यावर टँडेम कंपनीसाठी लिहिलेल्या अहवालात त्यांना हायझेनबग म्हटलं होतं. प्रिंटने वेळ बदलतो, वेळ बदलला की दोघांची गाठ पडत नाही. पण ती गाठ दुसऱ्या तापमानाला, दुसऱ्या घड्याळाच्या वेगाला, दुसऱ्या कर्नलवर पुन्हा पडणारच. डिले टाकून प्रश्न मिटवणं म्हणजे साप म्हणून भुई धोपटणं आहे, आणि इथे तर साप कारखान्यात सोडून द्यायचा होता. मी नाही म्हणालो. तिला ते पटलं, आणि पुढची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तिनेच सुचवली.

ती म्हणाली, "आपण बफर बघतोय कुणाच्या डोळ्यांनी? प्रोसेसरच्याच ना?" या प्रश्नाने आमचा शोध वळला. आमची सगळी साधनं, प्रिंट, मेमरी डंप, ड्रायव्हरमधल्या तपासण्या, प्रोसेसरवर चालत होती, म्हणजे त्याच कॅशमधून पाहत होती. ज्याच्यावर संशय, त्याचीच साक्ष आम्ही पुन्हा पुन्हा काढत होतो. मग जेटॅगचा डिबगर जोडला. आमच्या बोर्डावर त्यातून एकच पत्ता दोन वाटांनी वाचता येत होता, एक प्रोसेसरकरवी आणि दुसरी त्याला वगळून थेट बसवरून. ट्रान्स्फर संपल्याबरोबर, अनमॅप होण्याआधी, सगळं थांबवलं. बसवरून वाचलं तर शेपटीत सेन्सरचे ताजे नमुने होते. प्रोसेसरकरवी वाचलं तर तिथेच आमचा भरलेला आकडा. एका पत्त्याची दोन उत्तरं पडद्यावर शेजारीशेजारी दिसत होती. कार्डाने आपलं काम चोख केलं होतं. ताजे नमुने मेमरीत पोहोचले होते आणि काही क्षणांनी प्रोसेसरच ते पुसणार होता.

पुढचं काम सोपं होतं. ज्या स्ट्रक्चरमध्ये बफर होता, त्यात बफरच्या लगेच पुढे एक छोटा काउंटर होता. टायमर अधूनमधून तो एकाने वाढवी. चार बाइटांचा तो काउंटर आणि बफरची शेपटी एकाच कॅश लाइनवर बसले होते. ट्रान्स्फर चालू असताना टायमर आला की ती लाइन प्रोसेसरकडे ओढली जाई, तिच्यावर काउंटरचा बदल होई, आणि पुढे ती परत लिहिली जाताना शेजारची शेपटीही जुनी होऊन जाई. बफर मॅप करताना तो उपकरणाच्या ताब्यात दिला खरा, पण त्याच्या शेवटच्या पानावर प्रोसेसरचा पाय होता. जेम्स बॉटमली यांनी लिहिलेल्या कर्नलच्या डीएमए दस्तऐवजात याचा स्पष्ट इशारा आहे: बफर कॅश लाइनच्या सीमेवर सुरू व्हावा आणि सीमेवरच संपावा. आम्ही बफर स्ट्रक्चरमधून काढून स्वतंत्रपणे मागून घेतला. बदललेल्या ओळी बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. बफर आकड्याने भरण्याची चाचणी मात्र आम्ही काढली नाही. ती कायमची ठेवली.

या घराण्यातले दुसरेही बिघाड आहेत आणि मुळात ते सगळे एकाच प्रश्नापाशी येतात: उपकरणाला काय दिसतं, आणि ते आपण त्याच्या जागेवरून कधी पाहिलं का? उपकरणाची पोच प्रोसेसरइतकी असेलच असं नाही. पीसीच्या जुन्या विस्तार कार्डांना १६ एमबीच्या पुढचा पत्ताच देता येत नसे, आणि कर्नलमध्ये त्यांच्यासाठी राखलेला विभाग राहिला. रास्पबेरी पाय ४ हा २०१९ चा बोर्ड, पण त्यातल्या काही भागांची डीएमएची पोच पहिल्या १ जीबीपुरतीच आहे. ४ जीबी मेमरीवर छान चालणारं कार्ड ८ जीबीच्या यंत्रात गोंधळ घालू लागलं, तर ३२ बिटांच्या पलीकडचा पत्ता त्याला कळतो का, हे आधी पाहावं. २०१६ च्या अखेरीस आलेल्या लिनक्स ४.९ ने एक्स८६ वर कर्नलचे स्टॅक वेगळ्या पद्धतीने मेमरीत मांडायची सोय केली, तेव्हा स्टॅकवरचाच बफर उपकरणाला देणारे कितीतरी ड्रायव्हर उघडे पडले. तसं करू नये हा नियम आधीपासून होता. केवळ चालून जात होतं, म्हणून कोणी बोट ठेवलं नव्हतं.

'चालून जातं' या दोन शब्दांची मला चीड आहे. ड्रायव्हर लिहिणाऱ्याचं काम वापरणाऱ्याला कधी दिसत नाही. आलेख पाहणारा इंजिनिअर, रुग्णाच्या खाटेशी मॉनिटरवरचा आकडा वाचणारी परिचारिका, यांना कॅश लाइन ठाऊक असण्याचं कारण नाही. त्यांनी पडद्यावर विश्वास ठेवायचा आणि तो विश्वास खरा ठेवायची जबाबदारी आपली. बंद पडलेलं यंत्र निदान सांगतं की माझ्यावर विसंबू नका. चुकीचा आकडा शांतपणे दाखवणारं यंत्र तेवढंही सांगत नाही.

म्हणून हे काम करणाऱ्या, विशेषतः नव्याने करू लागलेल्या सर्वांना माझी विनंती आहे. दुसऱ्याचा कोड तपासायला घ्याल तेव्हा स्ट्रक्चरच्या पोटात बफर दिसला की थांबा आणि त्याच्या शेजारी कोण आहे ते पाहा. कर्नलमध्ये डीएमएच्या गैरवापराची नोंद करणारी डिबगची सोय आहे, ती चाचणीच्या प्रत्येक बिल्डमध्ये चालू ठेवा. ड्रायव्हर फक्त डेस्कटॉपवर तपासून 'टेस्टेड' लिहू नका. ज्या बोर्डावर हार्डवेअर कॅशची काळजी घेत नाही, अशा एखाद्या बोर्डावर तो चालवून पाहा. आणि डिले टाकल्यावर बिघाड गेला, तर तो पॅच पाठवू नका, शोध चालू ठेवा.