शिसमाचा दाखला

शिसवी पाळणा, शिसवी देव्हारा यांचा आमच्या जुन्या घरांना मोठा अभिमान. ग्वाल्हेर-इंदूरकडे स्थायिक झाल्यावर आम्हां मराठी मंडळींनी शिसवीच्या उत्तरेकडील भावंडालाही, म्हणजे शिसमालाही, आपलेसे केले. हे झाड शेताच्या बांधावर, कालव्याच्या काठी, रस्त्याच्या कडेला सहज वाढते. सहारनपूरचे नक्षीकाम करणारे कारागीर पिढ्यान् पिढ्या त्यावर पोट भरीत आले आहेत.

२०१६ साली जोहान्सबर्गच्या परिषदेत दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या 'साइट्स' कराराने शिसवीचे सगळे गोत्रच यादीत घातले. त्यामागचे कारण खोटे नव्हते. चीनमधील उंची फर्निचराच्या हौसेपायी आफ्रिका व आग्नेय आशियातील जंगले उजाड होत होती, आणि चिरलेल्या लाकडावरून नेमकी जात ओळखणे बंदरावरच्या अधिकाऱ्याला जमण्यासारखे नसते. मग सुक्याबरोबर ओलेही जळाले. आपल्या सरकारच्या अंदाजाप्रमाणे शिसमाच्या वस्तूंची वर्षाकाठी सुमारे १,००० कोटी रुपयांची निर्यात ५००-६०० कोटींवर आली. सुमारे ५०,००० कारागिरांच्या पोटाला चिमटा बसला.

मोठा निर्यातदार कागदपत्रांसाठी कारकून ठेवू शकतो. लहान कारखानदाराने काय करावे? त्याच्याकडे ओंडका चार हातांतून येतो. पावती असलीच तर शेवटच्या हाताची! हस्तकला निर्यात परिषदेच्या 'वृक्ष' दाखल्याने माल हलू लागला खरा, पण दाखल्याला पैसे पडतात आणि परदेशी गिऱ्हाईक तेवढा भाव वाढवून देईलच असे नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये पनामा येथे थोडी सुटका झाली. प्रत्येक नगातील लाकूड १० किलोंहून कमी असेल, तर कितीही नग एका खेपेत साइट्सच्या परवान्यावाचून धाडता येतात. डबे, चौकटी सुटल्या. पलंग-कपाटे अडकलेलीच राहिली.

दाखलाच नको, असे आम्ही म्हणणार नाही. चोरीचे लाकूड आणि बांधावरचे लाकूड एकाच भावाने विकले जाऊ लागले, की सचोटीचा माणूस आधी बुडतो. मात्र पुरावा बंदरावर शोधण्यापेक्षा झाड पडते तेथेच लिहून घ्यावा. शेतकऱ्याला विक्रीच्या वेळी गावातच साधा कागद मिळाला आणि तो लाकडाबरोबर हातोहात पुढे गेला, तर कारागिराला धावाधाव करावी लागणार नाही. युरोपीय संघाच्या २०२३ च्या कायद्याने तर लाकूड ज्या जमिनीवर वाढले तिचे अक्षांश-रेखांशही मागितले आहेत. त्याचा अंमल दोनदा पुढे ढकलला गेला आहे. तेवढ्या अवधीत सहारनपूरच्या सुताराला त्याच्या ओंडक्याचा बांध कोणी दाखवून देणार आहे काय, ही आमची चिंता आहे.