किल्लारीतलं पहिलं शिक्षण

अपस्माराच्या रुग्णांच्या डोक्यावर इलेक्ट्रोड लावून ईईजी काढणं हे माझं काम. त्याचं पहिलं शिक्षण मला किल्लारीत, पत्र्याच्या शेडाबाहेर मिळालं.

३० सप्टेंबर १९९३. गणपती बोळवून गाव झोपलं होतं. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला आणि दगडमातीची घरं बसली. परिसरातली दहा हजारांच्या आसपास माणसं गेली; त्यांत माझी आजी होती. पुढं कित्येक दिवस जमीन हलत राहिली. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेची माणसं शिवारात भूकंपमापक लावत होती. त्यांतल्या एका सरांना मी विचारलं, "सर, ते खाली नेमकं कुठं हाय वो?"

त्यांनी मला हाकललं नाही. पहिली लाट आणि दुसरी लाट यांच्यामधल्या वेळेवरून अंतर काढलं, नकाशावर कंपासनं तीन वर्तुळं आखली. "छेदतात तिथं बघ. पण यंत्रं लांब असली की जागा चुकते. मधला खडक ठाऊक नसला की खोली चुकते." मोठी माणसं गप्प झालेल्या त्या दिवसांत माझ्या भीतीला उत्तर देणारे तेवढेच.

मेंदूत हिशेब जास्त अवघड. पेशींची वीज टाळूपर्यंत क्षणात पोचते, म्हणून वेळेवरून अंतर निघत नाही. कुठं किती व्होल्टेज उमटलं यावरून मूळ शोधायचं, आणि कवटी ते पसरवून टाकते. बाहेर दिसणारा एकच नकाशा आतल्या अनेक रचनांतून उमटू शकतो, हे हेल्महोल्ट्झनं १८५३ मध्येच दाखवलं. एफएमआरआय काही मिलिमीटरांपर्यंत जागा दाखवतो, पण तो टिपतो रक्तातल्या प्राणवायूचा बदल. तो काही सेकंद उशिरा येतो, शिवाय मोठ्या शिरांकडे सरकलेला दिसू शकतो. म्हणून सोय असेल तिथं १२८ किंवा २५६ इलेक्ट्रोड लावायचे, प्रत्येकाची जागा मोजायची, आणि त्याच रुग्णाच्या एमआरआयवरून कवटीचा थर धरून गणित मांडायचं. सरांचेच दोन नियम. शस्त्रक्रियेत काय काढायचं आणि वाचा कशी राखायची, हे त्या मिलिमीटरांवर ठरतं.

सर निवृत्त झाल्यावर मी भेटायला गेलो. माझं काम ऐकून त्यांनी आधी एवढंच विचारलं, "मधला थर नीट मोजता ना?"

घरात कुणाला फिट येत असेल तर कांदा, चप्पल हुंगवू नका. कुशीवर वळवा. आधी कुठला हात हलला, नजर कुठं वळली, हे मोबाइलवर टिपून डॉक्टरांना दाखवा. जागेचा शोध तिथूनच सुरू होतो.