हिरवं कासव आणि रिकामी लॉग फाइल

भाचीच्या कॉलेज प्रोजेक्टला मोंगोडीबी हवं होतं. विंडोज लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स, त्यात उबुंटू, असा बेत. उबुंटू नीट बसलं. मोंगोडीबीही एकही एरर न देता इन्स्टॉल झालं. पण सर्व्हिस सुरू केली की लगेच बंद पडायची. लॉग उघडला तर रिकामा.

"मामा, लॉगच नाही तर शोधायचं कशात?" तिचा प्रश्न बरोबर होता. सबमिशन तोंडावर आलेलं, मलाही जरा घाम फुटला.

मग नेहमीचे उपाय झाले. फोल्डरच्या परमिशन बदलल्या, लॉक फाइल उडवली, सगळं काढून परत टाकलं. मशीनची रॅम वाढवली तर बाहेरचं विंडोजच रखडायला लागलं.

खरी खूण 'सिस्टमसीटीएल स्टेटस'मध्ये होती: सिग्नल आयएलएल. प्रोसेसरला न कळणारी सूचना प्रोग्रामनं दिली, असा त्याचा अर्थ. अशा वेळी प्रोग्राम जागीच मरतो, लॉग लिहायला उरतच नाही. मोंगोडीबीला 5.0 पासून इंटेल आणि एएमडीच्या मशीनवर प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स हा सूचनासंच लागतो. उबुंटूत 'एलएससीपीयू' चालवलं. यादीत एव्हीएक्स नव्हतं.

लॅपटॉप तर आय-फाइव्हचा. इंटेलच्या कोअर प्रोसेसरमध्ये 2011 पासून एव्हीएक्स आहे. मग मध्ये अडवतंय कोण?

व्हर्च्युअलबॉक्सच्या खालच्या पट्टीत एक हिरवं कासव दिसत होतं. मी ते आधी शोभेचं समजलो होतो. विंडोजची स्वतःची व्हर्च्युअल मशीनची व्यवस्था, हायपर-व्ही, चालू असली की ते कासव येतं. तेव्हा व्हर्च्युअलबॉक्सला प्रोसेसर थेट मिळत नाही, काम हळू होतं आणि एव्हीएक्स आतल्या मशीनपर्यंत पोचेलच असं नाही. भाचीनं मागच्या सेमिस्टरला डॉकर टाकलं होतं, त्याच्याबरोबर हे चालू झालेलं.

ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून 'बीसीडीएडिट'नं हायपरव्हायजर लाँच टाइप ऑफ केला. विंडोज सिक्युरिटीत कोअर आयसोलेशनखालची मेमरी इंटेग्रिटी बंद केली. लॅपटॉप रीस्टार्ट केला. कासव गेलं, एव्हीएक्स दिसलं, सर्व्हिस चालू झाली. तरी मी स्टेटस पुन्हा पुन्हा बघत बसलो.

याची किंमत आहे. हायपर-व्ही बंद असेपर्यंत डॉकर आणि डब्ल्यूएसएल-2 बंद राहतात, सुरक्षाही थोडी कमी होते. सबमिशन झाल्यावर आम्ही सगळं पूर्ववत केलं.

तिच्या मैत्रिणीचा जुना पेंटियम लॅपटॉप होता. त्यात एव्हीएक्स मुळातच नाही, सेटिंग बदलून काय होणार? तिथे मोंगोडीबी 4.4 टाकलं. त्याला आता अपडेट मिळत नाहीत, पण घरच्या सरावाला चालतं. खऱ्या लोकांची माहिती मात्र त्यात ठेवू नका.

आणि कोणाची मदत मागताना नुसतं 'चालत नाही' असं लिहू नका. स्टेटसची ती ओळ, प्रोसेसरचं नाव आणि कासव आहे की नाही, एवढं आधी कळवा.