उंबरा अडवतो तेव्हा

शनिशिंगणापुरात घरांना दारं नसतात, हे नगरकडच्या माणसाला नव्यानं सांगायला नको. मला त्या गावाचा हेवा वाटतो, पण त्याचा चोरीशी संबंध नाही. दार आलं की माझे पाय फरशीला चिकटतात. अंगणातून ओसरीपर्यंत मी बरा येतो. उंबरा दिसला की पाय जागीच राहतात आणि वरचं अंग पुढं निघतं. कंपवात झालेल्या माणसाला दारं, वळणं, अरुंद जागा अशाच अडवतात. अर्थात शिंगणापुरातही दार नसलं तरी चौकट असतेच, म्हणजे तिथं बिऱ्हाड हलवून उपयोग नाही.

"काय करू राहिले तिथं?" ही आतून विचारते. काय सांगणार? उभा आहे.

उभं राहण्यातच माझी नोकरी गेली. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला नगर-पुणे रस्त्यावर धावली. पुढं बऱ्याच वर्षांनी त्याच रस्त्यावर मी तिकिटं फाडली. कामरगावच्या घाटात गाडी कितीही कलली तरी दांडी न धरता सुटे मोजायचो. आता मेंदूच्या डॉक्टरांकडं पुण्याला जायचं तेही एसटीनंच, आणि पंचाहत्तरी ओलांडल्यामुळं फुकट. परवा माळीवाड्याच्या स्टँडवर गाडीच्या दाराशी खिळून राहिलो, तर मागून कुणीतरी म्हणालं, "सकाळीच घेतलेली दिसते." राग आला, पण तोंडावर उमटला नाही. हा आजार चेहराही थिजवतो. लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरानं १८१७ मध्ये हे दुखणं पहिल्यांदा नीट लिहून काढलं ते सहा माणसांवरून, आणि त्यांतली काही तर त्यानं नुसती रस्त्यात पाहिलेली. त्याला ती प्यालेली वाटली नाहीत, हे त्याचे उपकार.

डॉक्टरांनी समजावलं ते असं : मेंदूत डोपामिन तयार करणाऱ्या पेशी मरत जातात. पूर्वी जे आपोआप व्हायचं, चालणं, कूस बदलणं, थुंकी गिळणं, ते आता मनाशी ठरवून करावं लागतं. पण पायांपुढं रेघ दिसली, ती ओलांडायची असली, तर पाय उचलतो. म्हणून नातीनं खोलीपासून मोरीपर्यंत पावला-पावलाच्या अंतरावर रंगीत पट्ट्या चिकटवल्या. फरशी पुसताना त्यांच्या चिंध्या निघतात, म्हणून ही आठवडाभर कुरकुरली. आता निघालेली पट्टी तीच नवी लावते. याच कारणानं जिना मला सपाट जमिनीपेक्षा सोपा जातो, प्रत्येक पायरी म्हणजे एक रेघच. २०१० मध्ये नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी एका माणसाची हकिकत छापली. त्याला चार पावलं धड टाकता येत नव्हती, पण सायकल तो झकास चालवायचा. ही बातमी मी घरात मोठ्यानं वाचून दाखवली. सायकल मिळाली नाही.

ठेका मिळाला तरी असंच होतं. ज्येष्ठात निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून पंढरीला जाताना नगरात येते. मला रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून बसवतात. टाळांचा आवाज जवळ आला की मी उठतो, आणि पावली खेळणाऱ्यांच्या जोडीनं माझे पाय जागच्या जागी पडायला लागतात, एक पुढं, एक मागं. बघणाऱ्या बाया हात जोडतात, त्यांना तो देवाचा प्रताप वाटतो. मी नाही म्हणत नाही. पुण्यात तर पार्किन्सन्सच्या माणसांना चक्क नाच शिकवतात, आणि म्हातारी माणसं तो हौसेनं शिकतात.

बाकीचा दिवस गोळीच्या ताब्यात. लेव्होडोपा पोटात गेल्यावर अर्ध्या-पाऊण तासानं अंग सुटतं; मग दोन-तीन तास मी माणसात असतो. पुढची गोळी जवळ आली की हळूहळू पुन्हा लाकूड. त्या मोकळ्या तासांत दाढी, अंघोळ, फोन, भांडण, सगळं उरकायचं. डाळ-दुधातली प्रथिनं त्या गोळीची वाट अडवतात, त्यामुळं थंडीतली हुलग्याची शेंगोळी ताटात असली तरी घड्याळ बघून खायची. खाजकुइलीच्या बियांत हेच द्रव्य असतं, असं कळल्यावर एक पाहुणे अकोल्याच्या डोंगरातून पिशवीभर बिया घेऊन आले. त्यांना चहा पाजला, बिया फडताळात ठेवल्या. मात्रा कोण मोजणार?

सगळ्यात जास्त त्रास कशाचा, असं कुणी विचारलं तर मी कंपाचं नाव घेणार नाही. मदतीचं घेईन. मी शर्टाची गुंडी काजात घालायला लागलो की कुणीतरी येऊन ती लावून टाकतं. मुलगा लावतो, सून लावते, शेजारचा लावतो. प्रेमानंच लावतात. पण ती गुंडी लावणं हे माझं त्या सकाळचं काम होतं, आणि ते त्यांनी नेलं. आपल्याकडं आजाऱ्याची सेवा म्हणजे त्याला काही करू न देणं. माझ्या मते त्यात सेवेपेक्षा घाई जास्त असते. त्याचा संथपणा आपल्याला बघवत नाही. ही तेवढी थांबते. खरं तर तिचे गुडघे गेलेत, तिला उठायलाच वेळ लागतो, तोवर माझी गुंडी लागलेली असते. म्हाताऱ्या नवरा-बायकोच्या संसाराला असेही आधार असतात. मी पडलो तर तिनं एकटीनं उचलायचं नाही, समोरच्या पोराला हाक मारायची, असं ठरलंय. ती ऐकत नाही.

पेन्शनीसाठी दर वर्षी हयातीचा दाखला लागतो. आता तो मोबाईलवर चेहरा दाखवून निघतो. नातीनं फोन धरला. पडद्यावर सूचना आली : डोळे मिचकवा. या आजारात पापण्या फार कमी लवतात. मी ठरवून डोळे मिटले तर मिटलेलेच राहिले. "नाना, उघडा!" उघडले तर ताठ उघडे. फोन पुन्हा पुन्हा तेच मागत होता. शेवटी हिनं माझ्या कपाळावर टिचकी मारली, पापण्या फडफडल्या आणि मी हयात ठरलो.

मरणाचं बोलणं मीच काढलं. आवाज बारीक होत चाललाय. पुढं गिळायलाही जड जाईल, हे डॉक्टरांनी लपवलेलं नाही. ही म्हणायची, "पुढचं पुढं बघू." पण पुढं माझं बोलणं कुणाला ऐकू येणार? शेवटी उपचार कुठवर करायचे हे आधीच लिहून ठेवणाऱ्या इच्छापत्राला सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये मान्यता दिली आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली : दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. बरं होण्याची आशा संपल्यावर नळ्या लावून ठेवू नका, घरी खालच्या खोलीत राहू द्या, एवढंच मला लिहायचं होतं. सकाळच्या गोळीनंतरच्या वेळेत सगळ्यांना बसवून सांगितलं. मुलगा उठून बाहेर गेला, थोड्या वेळानं परत आला. हिची एकच अट, खालच्या खोलीत टीव्ही हवा.

नोटरीचं ऑफिस पहिल्या मजल्यावर. मी जिना चढून गेलो. ही कठड्याला धरून, एकेक पायरीवर दोन्ही पाय टेकवत मागून आली. कागदावर माझी सही सुरुवातीला बरी उमटली, आडनावापर्यंत मुंगीएवढी झाली. वकील म्हणाले, "आजोबा, जरा मोठी करा." मी पट्टी मागितली, त्यांच्याकडून वर-खाली दोन रेघा आखून घेतल्या. त्या दोन रेघांमध्ये नाव पुरं बसलं.

ही तोवर गुडघे चोळत बाकावर बसली होती. वकिलांनी शिक्का उचलला तशी म्हणाली, "साहेब, लगोलग माझाही कागद करून टाका. हा जिना परत कोण चढणार?"