बिल्डरचा वकील, बँकेचा वकील आणि आपला वकील



चळवळीतल्या माणसाच्या फोनमध्ये वकिलांचे नंबर कमी नसतात. अॅट्रॉसिटीचा गुन्हा नोंदवून घेत नाहीत तेव्हा कोणाला फोन करायचा, मोर्चातल्या पोरांचा जामीन कोण करून देतो, जात पडताळणीचं प्रकरण कोण बघतो, हे आपल्याला पाठ असतं. पण आपल्यातलाच एखादा पोरगा आयुष्यभराचं कर्ज काढून घर घेतो तेव्हा वकील कोण, असं विचारलं तर उत्तर येतं, "बिल्डरचे वकील आहेत ना, फ्रीमध्ये करून देतात." आई-बापानं चाळीत, झोपडपट्टीत, कामगार वसाहतीत दिवस काढले आणि घराण्यातली पहिली मालमत्ता आपल्या नावावर होणार, तर तिची कागदपत्रं विकणाऱ्याच्याच वकिलानं तपासायची! हे मला पटत नाही.

धाकट्या बहिणीनं पुण्याच्या बाहेर वाढत चाललेल्या पट्ट्यात फ्लॅट बघितला, किंमत 38 लाख. एजंटनं पहिल्याच भेटीत एका वकिलाचं कार्ड हातात दिलं. वकिलानं स्वतःची जाहिरात करू नये असा बार कौन्सिलचा नियम आहे. मग त्याचं कार्ड एजंटच्या खिशात कशाला, हा प्रश्न मला तिथेच पडला. बहिणीचं म्हणणं होतं की बँकेचा वकीलही तपासणारच आहे. खरं आहे, बँकेच्या पॅनलवरचा वकील तपासतो. पण त्याचा अहवाल बँकेला जातो, आणि बँकेचा प्रश्न एवढाच असतो की आपलं कर्ज वसूल होईल की नाही. या घरात पंधरा वर्षांनी कोणी दावा घेऊन आलं तर तुमचं काय होईल, हे सांगायला त्याला कोणी नेमलेलं नाही. त्याची फी बहुतेक वेळा आपल्याच खात्यातून कापली जाते, आणि तरी तो आपला वकील नसतो.

आम्ही तालुका कोर्टात दिवाणी आणि महसुली कामं करणाऱ्या एका वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी 15,000 फी सांगितली. बहिणीला जड वाटली. एजंटला 1 टक्का म्हणजे 38,000 द्यायला मात्र ती तयार होती. आपल्याकडे हे असंच चालतं.

बिल्डरच्या वकिलाचा सर्च रिपोर्ट 30 वर्षांचा होता. सगळीकडे तेवढाच करतात. जमीन "निर्वेध व विक्रीयोग्य" असल्याचा शेरा त्यात होता. बाईंनी तो बाजूला ठेवला आणि प्रकल्पाखालच्या तिन्ही गटांचे जुने फेरफार काढायला लावले, अगदी 1960 च्या आसपासचे. दोन गट स्वच्छ निघाले. तिसऱ्यावर वतनाची नोंद होती. त्या वाचत वाचत थांबल्या आणि म्हणाल्या, "दादा, हा हाडोळा आहे. महार वतन."

नव्या पिढीला हाडकी-हाडोळा हे शब्द कदाचित आजीच्या तोंडूनच माहीत असतील. गावकीची वेठ करायची, मेलेली ढोरं ओढायची, सरकारी टपाल पोचवायचं आणि त्याच्या बदल्यात तुकडाभर जमीन, ती म्हणजे हे वतन. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं बिल मांडलं ते ही बेडी तोडायलाच. पुढे 1958 च्या कायद्यानं कनिष्ठ गाव वतनं संपली आणि जमिनी मूळ वतनदारांना फेरप्रदान झाल्या, पण शर्तीवर. अशा जमिनीच्या 7/12 वर भोगवटादार वर्ग 2 असं लिहिलेलं असतं. बिगरशेतीसाठी ती विकायची तर जिल्हाधिकाऱ्याची परवानगी लागते, सरकारला नजराणा भरावा लागतो. हे न करता झालेला व्यवहार शर्तभंग ठरतो आणि जमीन सरकारजमा होऊ शकते. वर मजल्यांवर कोणी कितीही हप्ते फेडलेले असोत.

फेरप्रदान झालं 1960 च्या दशकात. 30 वर्षं मागे गेलेला शोध तिथवर पोचतच नाही. या एका कारणासाठी तरी आपल्या वकिलाला वतन, इनाम, कूळ कायदा, आदिवासी जमिनीवरचं बंधन या गोष्टी माहीत असायला हव्यात. इंडेक्स 2 कोणीही काढतो. जुन्या फेरफारातलं अक्षर लावून त्याचा अर्थ सांगणारा माणूस शोधावा लागतो.

त्या गटाचं कुलमुखत्यारपत्र चार भावांनी करून दिलेलं होतं. बहिणींची नावं कुठेच नव्हती. (आपण बौद्ध असलो तरी वारसाहक्काला हिंदू उत्तराधिकार कायदाच लागू होतो. त्यावर वाद जरूर घालू, पण 2005 पासून मुलीचा वाटा त्यातही मुलाइतकाच आहे.) जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी दाखवा म्हटल्यावर बिल्डरचं ऑफिस म्हणालं, "ताई, दोनशे लोकांनी घेतलंय, त्यांना काही कळत नाही का?" वकीलबाईंनी बहिणीला आधीच बजावलं होतं की नोंदणीकृत करार होईपर्यंत किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम मागायची बिल्डरला रेरा कायद्यानं बंदी आहे, तेव्हा इसार बेताचाच द्यायचा. त्यांच्या नोटिशीनंतर महिनाभरात तो परत आला. ज्या दोनशे जणांनी घेतलंय त्यांनाही सांगतो, जमिनीच्या सदोष मालकीमुळे नुकसान झालं तर रेराच्या कलम 18 खाली बिल्डरकडून भरपाई मागता येते आणि तिला मुदतीची अट नाही.

मग जुन्या सोसायटीतला पुनर्विक्रीचा फ्लॅट मिळाला. तिथे कागद ठीक होते, अडचण आडनावाची निघाली. सेक्रेटरीनं आडनाव दोनदा विचारलं, मग गाव विचारलं, मग "कमिटीची एनओसी लागेल" म्हणाला. 1917 साली बडोद्यात बाबासाहेबांना राहायला जागा मिळाली नाही ती उघडउघड. आता तेच काम एनओसी करते. विकणाऱ्याचा वकील समजुतीनं म्हणाला, "कशाला कटकट, दुसरीकडे बघा की." आमच्या बाईंनी आधी सोसायटीचे उपविधी मागवले, कारण सर्वोच्च न्यायालयानं 2005 साली पारशी सोसायटीच्या खटल्यात सदस्यत्व समाजापुरतं ठेवणारा उपविधी ग्राह्य धरलेला आहे. इथे तसं काही नव्हतं. मग सदस्यत्वाचा अर्ज पोच घेऊन दिला आणि सोबत पत्र जोडलं. सहकार कायद्याच्या कलम 22 प्रमाणे तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही तर अर्जदार सदस्य झाला असं मानलं जातं, आणि नकार द्यायचा तर कारण लेखी द्यावं लागतं. "आडनाव" हे कारण कोण लिहून देणार? अकराव्या आठवड्यात शेअर सर्टिफिकेटवर बहिणीचं नाव चढलं.

या बाई आपल्या समाजाच्या आहेत का, असं मला अनेकांनी विचारलं. नाहीत. आपल्यातले काही म्हणतात, वकील आपलाच हवा. काही जुनी माणसं अजूनही मानतात की मोठ्या आडनावाचा, पेठेतला वकीलच हुशार. मला दोन्ही मान्य नाही. जामिनासाठी रात्री दोन वाजता धावून येणारा आपला भाऊ मला जिवाचा आहे, पण त्यानं कधी फेरफार वाचला नसेल तर त्याच्या गळ्यात हे काम घालणं त्याच्यावरही अन्याय आहे. पेठेतल्या साहेबांना फेरफार कळत असेल, पण जातीवरून घर नाकारलं म्हटल्यावर ते "जरा अॅडजस्ट करा" म्हणणार असतील तर त्यांची हुशारी आपल्या काय कामाची? मी आता तीनच गोष्टी बघतो. याची फी फक्त मी देतोय का? हा आपलं मत स्वतःच्या लेटरहेडवर, सही-सनद क्रमांकासह लिहून देईल का? आणि हा व्यवहार मोडा असं त्यानं यापूर्वी कोणाला सांगितलंय का? तिसऱ्या प्रश्नावर बरेच जण हसतात. बाईंनी मात्र सरळ दोन व्यवहार सांगितले होते.

आता त्या हाडोळ्याचं. आपण नेहमी घेणाऱ्याच्या बाजूनं बोलतो, पण तिथे विकणारीही आपलीच माणसं आहेत. 2025 च्या नोव्हेंबरात मुंढव्याच्या महार वतनाच्या जमिनीवरून गदारोळ झाला तेव्हा कुलमुखत्यारपत्र हा शब्द घरोघरी पोचला. पण अशा कागदावर अंगठा देताना वतनदाराच्या बाजूला वकील कोणाचा बसलेला असतो? त्या चार भावांपैकी थोरल्यांना मी जाऊन भेटलो. मिळालेले पैसे कधीच संपलेत. सही केलेल्या कागदाची प्रतसुद्धा त्यांच्याकडे नाही. त्यांच्या दोन बहिणी हयात आहेत, एक पिंपरीत, एक दौंडला. येत्या रविवारी त्या दोघींना घेऊन वकीलबाईंकडे जायचं ठरलंय. फी आम्ही पाच जण वाटून देतोय. त्या भागात कोणाच्या घरी वतनाचे जुने उतारे, फेरप्रदानाचे आदेश, नजराण्याच्या पावत्या असतील तर झेरॉक्स काढून आणा, मूळ कागद कोणाच्याही हातात देऊ नका.