बेत भाज्याच्या लेण्यांचा

‘एका दिवसात कार्ले, भाजे आणि येताना लोणावळ्याची चिक्की!’ आमच्या घरचा मागचा बेत असा होता. पहाटे चारला उठून मी पुऱ्या, बटाट्याची भाजी, दहीभात, मुलांसाठी शिरा केला. निघायलाच साडेनऊ झाले. एकवीरेचे दर्शन घेऊन भाज्याला पोचलो तर सगळे भुकेले! पायथ्याशी डबे सोडले, वर जाऊन चैत्यात डोकावलो, तोच पुरुषमंडळी घड्याळ पाहू लागली. घरी आल्यावर मला आठवत होते ते एवढेच, की पुऱ्या कमी पडल्या.

पुढे एका पुस्तकात वाचले, की भाज्याच्या सहाव्या लेण्यात खोलीच्या दारावर एका बाईचे नाव कोरले आहे. दान देणारी बाई. बाधा किंवा बोधी असे ते नाव वाचतात. पुढे ‘हालिकजाया’, म्हणजे नांगरणाऱ्याची बायको. नवऱ्याचा धंदा आहे, पण त्याचे नाव नाही! आणि त्या दारावरून मी पुऱ्यांची काळजी करीत गेले होते. फार चुटपुट लागली.

जाऊबाईंना म्हटलं, आपण दोघीच जाऊ या. सासूबाई म्हणाल्या, “दोघीच? आणि इथलं जेवण?” झालं, बेत बारगळला असे वाटले. पण दुसऱ्या दिवशी निवडणं करताकरता त्याच म्हणाल्या, “पिठलं-भात मला येतो अजून. दिवेलागणीला घरात या म्हणजे झालं.”

मैत्रिणींनो, या वेळी बेत उलटा केला. आधी काय पाहायचे ते ठरवले, मग डबा. दशम्या, दाण्याची चटणी, पाण्याच्या दोन बाटल्या आणि विजेरी, बस्स! पावसाळ्यात रविवारी तिथे धबधब्यासाठी झुंबड उडते. म्हणून जानेवारीतला मधला वार धरला. लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत, तेव्हा सकाळी लवकर जाण्यात अर्थ नाही. ऊन आत येते ते दुपारनंतर. पुण्याहून लोणावळ्याच्या लोकलने मळवलीला उतरायचे. तिथून गावातून पायी जाता येते, पुढे पायऱ्या. दुपारी गाड्या विरळ असतात, म्हणून परतीच्या गाडीची वेळ चिठ्ठीवर लिहून पर्समध्ये ठेवावी.

एकंदर २२ लेणी आहेत. चैत्यगृह इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमाराचे. त्याचे २७ अष्टकोनी खांब किंचित आत झुकलेले आहेत. लाकडी घरात भार पेलायला खांब असे कलते ठेवीत; दगडात त्याची गरज नव्हती, तरी कोरणाऱ्यांनी ते तसेच ठेवले. जाऊबाई म्हणाल्या, “हात जुन्या वळणावर गेला गं!” छताला लाकडी फासळ्याही आहेत. दक्षिण टोकाच्या विहारात रथातला सूर्य आणि हत्तीवरचा इंद्र कोरलेला आहे असे मानतात. शेजारी एक नाचणारी आणि एक वाद्य वाजवणारी. तिथे आम्ही अर्धा तास रेंगाळलो. १४ स्तूपांचा समूहही पाहिला, पण माझे मन सहाव्या लेण्यात होते.

ते लेणे अगदी साधे, ओबडधोबड. गेल्या खेपेला टाळले असेल तर नवल नाही. ब्राह्मी अक्षर आम्हा दोघींना एकही वाचता येईना. तरी त्या दारापाशी उगीच उभ्या राहिलो.

खाली येऊन दशम्या खाताना जाऊबाईंनी डब्याचे झाकण उलटे केले. सासूबाईंनी भिशीच्या पैशांतून घेतलेला डबा, आणि त्यावर नाव मामंजींचे! आम्ही दोघी हसत सुटलो.

दिवेलागणीला घरात होतो. पिठलं वाढता वाढता सासूबाईंनी विचारलं, “काय गं नाव तिचं?”