बाद पुस्तकांची यादी

गेल्या मे महिन्यांत आमच्या गांवच्या जुन्या वाचनालयाच्या चिटणीसांनीं बाद करावयाच्या पुस्तकांची एक यादी आमच्याकडे धाडिली. जागा अपुरी, वाळवी पुष्कळ. तेव्हां साहित्याच्या प्राध्यापकानें यादीवर नजर फिरवून सही करावी, एवढीच विनंती होती. यादींतील बहुतेक नांवें तीन जातींचीं होतीं: चित्रकथा, अद्भुत कथानकें आणि प्रणयकादंबऱ्या. सर्व्हांटिसच्या 'डॉन क्विक्झोट'च्या पहिल्या भागांत (१६०५) गांवचा धर्मोपदेशक व न्हावी मिळून नायकाचा ग्रंथसंग्रह तपासतात, आणि बहुतेक शौर्यकथा जाळण्यासाठीं बाजूस काढतात. तो प्रसंग आम्ही वर्गांत वर्षानुवर्षें हंसत हंसत शिकवीत आलों. त्या धर्मोपदेशकाचें काम एके दिवशीं आमच्याच गळ्यांत पडेल, हें स्वप्नींही नव्हतें.

चित्रकथांचा निवाडा सोपा गेला. 'इंद्रजाल कॉमिक्स' ही माला १९६४ सालीं सुरू झाली व १९९० सालीं बंद पडली. तींतील वेताळाच्या कवटीच्या गुहेंत आमच्या बालपणाच्या कित्येक दुपारी गेल्या. चित्रकथांनीं मुलें बिघडतात, असा ग्रंथ फ्रेडरिक वर्थम या मनोवैद्यानें १९५४ सालीं अमेरिकेंत लिहिला. पुढें २०१२ सालीं कॅरोल टिली या संशोधिकेनें त्याचीं टिपणें तपासून पुराव्यांत त्यानें केलेले फेरफार उघडकीस आणिले. आमची तक्रार निराळी आहे. गोऱ्या वेताळानें काळ्या वनवासी लोकांचें पिढ्यान्‌पिढ्या रक्षण करावें, हें त्या वयांत आम्हांस खटकलें नाहीं, याचें आज वाईट वाटतें. परंतु दोष कळण्यासाठीं पुस्तक वाचावें लागतें, आणि वाचण्यासाठीं तें कपाटांत असावें लागतें.

अद्भुत कथानकांत नाथमाधवांची 'वीरधवल' होती. होरेस वॉल्पोलची 'कॅसल ऑफ ओट्रँटो' (१७६४) आम्ही पगार घेऊन शिकवितों. तींत आरंभींच एक प्रचंड शिरस्त्राण कोसळून ऐन लग्नाच्या दिवशीं नवरदेव चिरडला जातो! इंग्रजींत शिरस्त्राण पडलें कीं अभ्यासक्रम, आणि मराठींत भुयार निघालें कीं रद्दी, हा न्याय आम्हांस मांडतां येईना.

उरल्या प्रणयकादंबऱ्या. त्यांत चंद्रकांत काकोडकरांचें नांव वारंवार येत होतें. त्यांच्या एका कथेवर अश्लीलतेचा खटला झाला होता. १९६९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्यांस निर्दोष सोडिलें. प्राध्यापकांनीं मात्र सोडिलें नाहीं. निदान आम्हीं तरी नाहीं.

आमच्या मातुःश्री या कादंबऱ्या दुपारीं स्वयंपाकघर आवरल्यावर, धान्याच्या कोठीस टेकून वाचीत. आम्ही नुकतेच इंग्रजी घेऊन एम. ए. झालों होतों. एकदां जेवणाच्या पंक्तींत त्यांचें पुस्तक हातीं घेऊन आम्हीं त्यांतील चार वाक्यें नाटकी सुरांत म्हणून दाखविलीं. मंडळी हंसली, मातुःश्रीही हंसल्या. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं तें पुस्तक परत केलें आणि पुन्हां वाचनालयाचें नांव काढिलें नाहीं. त्यानंतर त्या एकोणीस वर्षें जगल्या. त्या दुपारीं काय करीत, हें आम्हांस ठाऊक नाहीं.

नारो सदाशिव रिसबुडांनीं 'मंजुघोषे'च्या (१८६८) प्रस्तावनेंत गाऱ्हाणें मांडिलें आहे कीं, आमची विवाहपद्धति व इतर कारणें यांमुळें आमच्या आयुष्यांत कादंबरीस लागणारें मनोरंजक साहित्यच मिळत नाहीं. तें गाऱ्हाणें लेखकाचें होतें. तसलेंच आयुष्य ज्यांस प्रत्यक्ष कंठावें लागलें, त्यांचें गाऱ्हाणें कोणीं ऐकिलें? जॅनिस रॅडवे या अमेरिकन विदुषीनें प्रणयकादंबऱ्या वाचणाऱ्या स्त्रियांस प्रश्न विचारून १९८४ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. दिवसभर दुसऱ्यांचें करण्यांत जातो, पुस्तक हातीं असतें तेवढा वेळ आपला, असा त्या स्त्रियांच्या उत्तरांचा मथितार्थ होता. तो ग्रंथ आम्हीं विद्यार्थ्यांस शिकविला. मातुःश्रींस तोच प्रश्न विचारावा, हें आम्हांस सुचलें नाहीं.

आमचें मत बदललें आहे, असा समज वाचकांनीं करून घेऊं नये. या कादंबऱ्यांची भाषा पातळ आहे, योगायोग स्वस्त आहेत, आणि लग्न झालें कीं नायिकेचें सारें संपतें. पण पुस्तकास हलकें म्हणतां म्हणतां आम्ही वाचणाऱ्या माणसासही हलकें लेखीत होतों, आणि तो माणूस आमच्याच पंक्तीस बसला होता.

वाळवीनें खाल्लेलीं तेवढीं पुस्तकें बाद करून आम्हीं यादी परत धाडिली. काकोडकरांची एक कादंबरी मात्र वर्गणीदार होऊन घरीं आणिली आहे. रोज दुपारीं थोडी थोडी वाचतों. अजून ती आवडलेली नाहीं. परंतु हंसूंही आलेलें नाहीं.